प्रभाकरचा डावा पाय

कोंबडा माझ्या काखेत होता, त्याचा डावा पाय मिठाच्या कोमट पाण्यात होता, आणि लग्नासाठी आमचं घर बघायला आलेली मुलगी दारात उभी होती.

ही मंडळी संध्याकाळी यायची होती. पण त्यांच्या रिक्षावाल्याला आमच्या गावचा जवळचा रस्ता माहीत निघाला. आमच्या गावाला जवळचा रस्ता आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. त्यामुळे आई खोबरं वाटत होती, बाबा मागच्या पडवीत मिशीला काळा रंग लावून तो वाळायची वाट बघत बसले होते, आणि मी बनियनवर होतो.

मुलीचे आईवडील आत गेले. मुलगी गेली नाही. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काय झालं त्याला?"

"पायात सुंभ अडकला होता. नारळाचा. बोटांना काचला, मग पाय सुजला."

"सुंभ काढला?"

"काढला."

पाणी गार व्हायला लागलं होतं. मी किटलीतलं थोडं गरम ओतलं, हात फिरवला, दोन थेंब स्वतःच्या कोपरावर टाकून बघितले आणि कोंबड्याचा पाय परत आत बुडवला. मुलगी बघत होती.

"वेगळा ठेवलाय?"

"हो. लंगडतोय हे कळल्यापासून बाकीच्या कोंबड्या टोचतात. दाणे टाकले की ढकलून देतात. मानेवरची पिसं उपटून टाकली, हे बघा."

"वेगळा ठेवा, पण बाकीच्यांना दिसेल असा ठेवा. जाळीआड. नाहीतर बरा झाल्यावर परत सोडलात की परका समजून अजून मारतील." मग तिने त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "नाव काय याचं?"

इथे माझी पंचाईत झाली. त्याला नाव नव्हतं, आणि नसण्याला कारण होतं.

आमच्या गावच्या शिवेवर राखणदार आहे. म्हणजे किंजळीच्या झाडाखाली एक दगड आहे, पण त्याला दगड म्हणायची हिंमत गावात कोणाची नाही. तो गाव राखतो, आणि त्याच्याकडे काही मागितलं तर कोंबडा द्यावा लागतो. कुडाळात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, दुकान बरं चालत होतं, पण 'मुलगा गावातच राहतो' हे कळलं की मुलींकडचे चहा अर्धा टाकून उठायचे. शेवटी आईने राखणदाराला सांगितलं, "झिलाचा लगीन जमू दे, घरच्या खुराड्यातलो काळो कोंबो देतलंय. अंगार दुसऱ्या रंगाचा एक पीस नसतला." नुसता कोंबडा म्हणाली असती तर भागलं असतं. पण आईला कुठलीही गोष्ट मापात सांगायची सवय आहे.

त्या वर्षीच्या पिल्लांत तसा काळाकुट्ट एकच निघाला. तोच सुंभात पाय घालून बसला. आणि देवाला द्यायचा कोंबडा धडधाकट लागतो, लंगडा चालत नाही. म्हणून आमचं अख्खं घर त्याला कापता यावं यासाठी त्याला बरं करत होतं. नाव ठेवायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते, आणि हाक मारलेल्याला कापणं जड जातं.

"नाव?" मुलीने परत विचारलं.

"प्रभाकर," मी म्हणालो.

प्रभाकर हे माझ्या थोरल्या काकांचं नाव आहे. ते मुंबईला असतात. ऐनवेळी दुसरं सुचलं नाही.

ती मंडळी गेल्यावर आईने कपाळावर हात मारला. "शिरा पडो तुझ्या तोंडार! थोरल्या भावजींचा नाव कोंब्याक?"

"दादाक कळला तर गणपतीक येवचो नाय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात फारसं दुःख नव्हतं.

दोन दिवसांनी निरोप आला. मुलगी तयार. तिचं नाव मृण्मयी, कणकवलीची, कुडाळात एका औषधांच्या दुकानात काम करायची. मध्यस्थांनी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "जो माणूस लंगड्या कोंबड्याचा पाय शेकत बसतो, त्याच्याबरोबर मला चालेल."

आईला आनंद झाला. बाबांना झाला. मलाही झाला, पण तो रात्री जेवेपर्यंतच टिकला. जेवताना आई म्हणाली, "आता पयलो देवाचो कोंबो. मगे लगीन. बोललंय तसा आधी फेडूक होया, नायतर मी अक्षता टाकूक येवचंय नाय."

मी भात कालवता कालवता हिशेब केला. प्रभाकर बरा झाला नाही तर त्याला देता येणार नाही, म्हणजे आईच्या बाजूने लग्न नाही. प्रभाकर बरा झाला आणि दिला, तर ज्याच्यामुळे मुलगी हो म्हणाली तोच ताटात, म्हणजे मुलीच्या बाजूने लग्न नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय एका कोंबड्याच्या डाव्या पायावर उभा होता, आणि तो पाय त्याला टेकवत नव्हता.

मृण्मयी दुकानातून सुटली की अधूनमधून घरी यायला लागली. निमित्त प्रभाकरचं. तिने लहान मुलांचे व्हिटॅमिनचे थेंब आणले. वेष्टनावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. प्रभाकर ते चोचीत घ्यायचा आणि बाळाकडे तुच्छतेने बघायचा. तांदूळ ती त्याला तळहातावर भरवायची. भांड्यात ठेवूच द्यायची नाही.

"भांड्यातलं जाळीतून दुसऱ्या ओढतात," ती म्हणायची. "तुम्हीसुद्धा हातावरच द्या हं."

मी हातावर द्यायला लागलो. आईला सांगितलं, तीही द्यायला लागली. थोड्याच दिवसांत प्रभाकर खाली पडलेल्या दाण्याकडे बघेनासा झाला. त्याच्यासमोर भाताचं ताट ओतलं तरी तो आमच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, हॉटेलात पाणी आणून न दिलेल्या गिऱ्हाईकासारखा.

बाबा रोज त्याला उचलून छाती दाबून बघायचे.

"हाडां लागतत अजून. वायच खावक घाल तेका."

"काकांचा किती जीव आहे त्याच्यावर," बाबांकडे बघत मृण्मयी मला म्हणाली.

"खूप," मी म्हणालो.

सांगायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तिला सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो आणि वाटेत म्हणालो, "प्रभाकर बरा झाला की..."

"की काय?"

"की बरं होईल."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग एसटी आली.

प्रभाकर बरा झाला. सूज उतरली, पाय टेकायला लागला, जाळीआडून बाहेर सोडला तर बाकीच्यांनी त्याला एक-दोनदा टोचून बघितलं आणि मग पंक्तीत घेतलं. आईने राखणदाराचा बुधवार ठरवला. लग्नाचा मुहूर्त त्याच्यानंतरच्या आठवड्यातला. आणि देवाच्या आदल्या दिवशी बाबा प्रभाकरला उचलून उजेडात घेऊन गेले आणि तिथूनच ओरडले, "ह्या काय?"

कोंबड्यांनी मानेवर जिथे टोचून पिसं उपटली होती, तिथे नवी पिसं फुटली होती. त्यातलं एक पांढरं होतं. चांगलं लख्ख पांढरं, शाळेच्या गणवेशासारखं.

"उपटूया," मी म्हणालो.

"उपटलेल्या जाग्यार घाडी पयला बोट घालतलो," बाबा म्हणाले. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान बबन घाडीकाकांचा, आणि त्यांची नजर अशा बाबतीत कस्टमवाल्यांसारखी आहे.

आईने बाबांच्या तोंडाकडे बघितलं. नेमकं सांगायचं तर नाकाच्या खाली.

"तुमची मिशी कशी काळी होता?"

"गप रव. देवाक फसवूचा?"

"मगे मिशी कोणाक फसवूक?"

बाबा रंगाची पुडी घेऊन आले. पुडीवर लिहिलं होतं, 'वापरण्यापूर्वी थोडा रंग कानामागे लावून पाहा.' कोंबड्याचा कान कुठे असतो यावर आमची बरीच चर्चा झाली. पुडीत रंग थोडाच उरला होता, बाकीचा साखरपुड्याला संपला होता, म्हणून बाबांनी पाणी जरा सढळ हाताने घातलं. प्रभाकरची मान मी धरली. बाबांनी त्यांच्याच ब्रशने लावला. वाळल्यावर दोघंही तुकतुकीत दिसत होते. साखरपुड्यापासून एवढे जुळलेले मी कोणा दोघांना बघितलं नव्हतं.

बुधवारी शिवेवर वाडीतले पुरुष जमले. किंजळीखाली नारळ, विडा, तीन दगडांची चूल, आणि कोयता घेऊन मागच्या घरचा झिपरू. राखणीला, म्हणजे राखणदाराला कोंबडा द्यायला, बायका दगडापर्यंत येत नाहीत, बांधावर थांबतात. आई मसाल्याच्या वाटपाचं पातेलं घेऊन बांधावर उभी होती. तिच्या शेजारी मृण्मयी.

मी प्रभाकरला काखेत घेऊन तिच्याजवळून जात होतो.

"तुम्ही इथे कशा?"

"आईंनी बोलावलं. देवाचं आहे म्हणाल्या."

"मृण्मयी, मला तुम्हाला एक सांगायचंय. हा जो प्रभाकर..."

"कोंब्याक घेवन ये रे!" घाडीकाका तिकडून ओरडले.

"जा," मृण्मयी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. ते अजूनही कळत नाही.

काकांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा, शिवेवरच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"पालवांच्या घरकारणीन तुका सांगणा केलेला, झिलाचा लगीन जमू दे म्हणान!"

"व्हय म्हाराजा!"

"ता जमला!"

"व्हय म्हाराजा!"

"बोलल्याप्रमाणे काळो कोंबो तुझ्यासमोर उभो केलेलो आसा. पायात खोट नाय. अंगार दुसऱ्या रंगाचा एक पीस नाय!"

"व्हय म्हाराजा!" यात बाबांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग काकांनी तांब्यातलं पाणी प्रभाकरच्या पायावर घातलं, आणि रीतीप्रमाणे पाठीवर आणि मानेवर. एका हाताने ते पाणी घालत होते, दुसऱ्याने मान चोळत होते. पाणी काळं गळायला लागलं. काकांनी आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग प्रभाकरच्या मानेतल्या पांढऱ्या पिसाकडे, आणि मग बराच वेळ बाबांच्या मिशीकडे.

"सदा, ह्या काय?"

"काळो रंग जास्त झालो," बाबा म्हणाले, "म्हणान गळता."

"व्हय म्हाराजा!" मागून कोणीतरी सवयीने ओरडलं.

"आता माझ्या हातात काय नाय," काका काळा हात वर करून म्हणाले. "तोच काय ता ठरवतलो. तांदूळ ठेव."

आमच्याकडे देवासमोर मूठभर तांदूळ ठेवतात आणि कोंबडा पुढे सोडतात. त्याने तांदूळ टिपले की देवाने मान्य केलं असं समजतात, आणि मग झिपरूचं काम सुरू होतं. तांदूळ ठेवले. प्रभाकरला सोडला. झिपरूने कोयता उजव्या हातात घेतला.

प्रभाकरने तांदळाकडे बघितलं. मग आमच्या तोंडाकडे बघितलं. मग तो वळला आणि बांधाच्या दिशेने निघाला. निघाला तो लंगडत. पाय ठणठणीत बरा झाला होता, सकाळीच त्याने त्याच पायाने परसातलं अख्खं आळं उकरलं होतं. पण आता तो डावा पाय असा ओढत चालला होता की झिपरूलासुद्धा वाईट वाटलं. मृण्मयीच्या पायाशी जाऊन तो उभा राहिला आणि त्याने चोच वर केली.

मृण्मयीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हातार खावची सवय लागली हा तेका," बाबा घाईने म्हणाले. "गौरेश, तू घे तांदूळ हातार. देवासमोर टिपल्यान म्हणजे झाला. काय बबन?"

काकांनी विचार केला. "चलात," ते म्हणाले.

मी प्रभाकरला परत आणला. देवासमोरचे तांदूळ उचलून तळहातावर घेतले. प्रभाकरने लगेच ओळखलं आणि तो लंगडायचं विसरून टुणकन जवळ आला. मी वर बघितलं. बाबा मान हलवत होते. आईने पातेल्याचं झाकण काढलं होतं. झिपरू एक पाऊल पुढे आला होता. मृण्मयी माझ्याकडे बघत होती, कोपरावर थेंब टाकले होते तेव्हा बघत होती तशीच. मूठ मिटावी तर सगळ्यांना दिसली असती. उघडी ठेवावी तर प्रभाकरची चोच वीतभर अंतरावर होती.

मी तांदूळ खाल्ले.

का खाल्ले ते विचारू नका. हाताला जवळचं असं माझं तोंडच होतं. कच्चा तांदूळ चावायला वेळ लागतो. तेवढा वेळ शिवेवर फक्त माझ्या दातांचा आवाज येत होता. प्रभाकर रिकाम्या हाताकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत जो अपमान होता तो मी विसरलेलो नाही.

घाडीकाकांचा जन्म गाऱ्हाणी घालण्यात गेला होता, पण अशा प्रसंगाची सोय कुठल्या गाऱ्हाण्यात नव्हती. ते हळूहळू म्हणाले, "देवासमोरचे तांदूळ जो टिपता... तेका देवान घेतल्यान."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. झिपरूसुद्धा. त्याचा दोष नाही, तो सांगितलेलं काम करणारा माणूस.

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज आला.

"कोण तो व्हय म्हणता?" आई बांधावरून कडाडली. "बबन, एकुलतो एक झील तो माझो! पुढच्या आठवड्यात लगीन हा त्याचा! तो कोयतो खाली ठेव रे झिपऱ्या!"

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग परत हात जोडले.

"बा म्हाराजा! झील वायच खुळो आसा."

"व्हय म्हाराजा!" इतका एकमुखी होकार त्या शिवेवर आधी कधी आला नसेल. त्यात एक बाईचा आवाज होता आणि तो आईचा नव्हता.

"तेका समजान घे. तेच्या बदली ह्यो नारळ घे. झिलाक लग्नाक सोड, आणि ह्या कोंब्याक आम्ही तुझ्या नावान सोडलो. ह्या दोघांकय आता कोण हात लावचो नाय. मान्य कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांनी नारळ फोडला. मृण्मयी बांधावरून खाली वाकली आणि प्रभाकरला उचलून घेतला. पातेल्यातल्या वाटपात बटाटे घातले. जमलेल्यांनी ते ज्या नजरेने माझ्याकडे बघत खाल्ले, ती नजर मला अजून वाडीत कधीमधी भेटते.

लग्न मुहूर्तावर झालं. आईने अक्षता टाकल्या. मुंबईहून थोरले काका आले होते. पंगतीत नवी नवरी वाकून माझ्या कानात म्हणाली, "प्रभाकरला तांदूळ भरवले का कोणी?" ते शेजारीच बसले होते. "नाय गो, मी जेवतंय," ते म्हणाले. सून चांगली मिळाली असं त्यांनी सगळ्या मुंबईत सांगितलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. प्रभाकर देवाच्या नावाने सोडलेला असल्यामुळे त्याला कोणी बोलू शकत नाही. तो देवघरात झोपतो. बाबांच्या खुर्चीवर बसतो, आणि बाबा उभे राहतात. नीट बघायला गेलं तर मीही देवाच्या नावाने सोडलेलाच आहे, पण मला या सवलती नाहीत.

परवा आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो. मी तिला म्हटलं, "एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू पहिल्यांदा आलीस ना, तेव्हा मी त्याचा पाय शेकत होतो तो..."

"कापायला," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो.

"काळो कोंबो, जाळीआड वेगळो, मामंजी येता-जाता छाती दाबून बघतत," ती म्हणाली. चिडवायचं असलं की ती मालवणीत येते. "माका काय कळूचा नाय? मी काय परदेशातसून इलंय? आमच्याकडेय राखण असता."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"मगे हातावर खायची सवय मी उगाच लावली? खालचा तांदूळ टिपलाच नाही की प्रश्न मिटला, असं मला वाटलं होतं. तू टिपशील हे डोक्यातच आलं नाही."

पुढचा प्रश्न विचारायचा की नाही ते ठरत नव्हतं.

"सगळं कळलं होतं, तर मग हो का म्हणालीस?"

ती अंगणाकडे बघत होती.

"तू पाणी ओतलंस," ती म्हणाली, "आणि आधी स्वतःच्या कोपरावर टाकून बघितलंस. कापायच्या कोंब्याक पाणी कढत लागता काय, ता कोण बघता रे?"

तेवढ्यात देवघरातून प्रभाकर बाहेर आला. आम्हाला दोघांना बसलेलं बघून तो थबकला, त्याने चेहरा पाडला, आणि तो आमच्याकडे लंगडत यायला लागला.

उजव्या पायाने.

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन मूठभर तांदूळ घेऊन आलो, पायरीवर बसलो आणि तळहात पुढे केला.